कोरड्या ड्रममधली सोयरीक

"आत्या, एकच सांगून जाते. या पिंजऱ्यातलं जनावर त्या पिंजऱ्यात जाता कामा नये. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

सुनेचा हा आवाज राजाबाईंना लख्ख आठवत होता. आठवत होता म्हणूनच त्या दोन्ही हातांत एकेक पांढरा उंदीर धरून मागच्या अंगणात उभ्या होत्या आणि विचार करत होत्या, की पाण्याचा ड्रम हा काही पिंजरा नव्हे.

राजाबाईंचं सगळं आयुष्य नेमानं गेलेलं. चतुर्थी, एकादशी, प्रदोष, आणि सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन. घेतलेला नेम त्यांनी कधी मोडला नव्हता, तापात नाही की लग्नघरात नाही. पण नेमानं जे अडवलेलं नाही ते करायला मोकळीक असते, हेही त्या तितक्याच श्रद्धेनं मानत. उपासाला भगर चालते ती काय उगीच? पिंजऱ्यातून पिंजऱ्यात न्यायचं नाही, एवढंच सुनेनं, योगिनीनं, सांगितलं होतं. राजाबाईंनी आधी मादीला ड्रममध्ये सोडलं, मग नराला, वर मूठभर वाळलं गवत टाकलं, आणि झाकण जरासं तिरकं ठेवून त्या जपाला बसल्या.

उंदीर घरात आले होते ते दुष्काळामुळे. मागल्या साली पाऊस रुसला आणि चैत्र लागायच्या आतच शहराच्या नळांना घरघर लागली. योगिनीच्या कॉलेजात संशोधनाचे उंदीर ठेवायची खोली होती. तिथला कूलर पाण्यावाचून बंद पडला, टाकी कोरडी झाली आणि टँकरवाला फोन उचलेना. उकाड्यानं दोन उंदीर दगावले, तेव्हा योगिनीच्या गाईड, मोनिका मॅडम, यांनी वरून परवानगी काढली आणि टँकर येईपर्यंत जनावरं वाटून घ्यायचं ठरवलं. बहुतेक पिंजरे मॅडमच्या एसीच्या घरात गेले. दोन पिंजरे योगिनीनं छावणीतल्या, म्हणजे शहराच्या जुन्या लष्करी वस्तीतल्या, आपल्या घरी आणले, कारण ते घर जुनं, जाड दगडी भिंतींचं आणि भर उन्हात माठासारखं थंड.

राजाबाईंना तर पाहुणे आल्यासारखं झालं. त्यांचे यजमान कारभारी वैजापूरच्या माळावर मेंढरं राखायचे. एका दुष्काळात निम्मा कळप विकला, दुसऱ्यात उरलेला, आणि छावणीत येऊन ते एका गोठ्यावर कामाला लागले. कारभारी गेले, गोठा गेला, गोठ्याच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली. मुलगा हनुमान बिडकीनकडच्या एका नव्या कारखान्यात लागला. राजाबाईंच्या हाताखाली मात्र तेव्हापासून एकही जनावर नव्हतं. हात शिवशिवायचे. त्यात हे तर साक्षात गणपतीचं वाहन.

"ह्ये दोघं नवरा-बायकू का?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"तसंच समजा, आत्या."

"आन ह्यो पलीकडचा? सडाच?"

"तो साधा नर. तुलनेसाठी."

"कानं कातरलीत जणू ह्यांची."

"ओळखायला. जोडीतल्या नराच्या उजव्या कानाला दोन खाचा, साध्याच्या डाव्या कानाला एक."

"आमच्यातबी कातरतेत," राजाबाई समाधानानं म्हणाल्या. कॉलेजबद्दल त्यांना प्रथमच आपुलकी वाटली. "मंग ह्यांची पिल्लं कुठंयत?"

योगिनीनं सोप्या भाषेत सांगितलं. या जोडीतल्या नरामध्ये जन्मापासूनच एक जीन बंद केलेला आहे. जीन म्हणजे आईबापाकडून आलेला गुण. वरून बघाल तर तो धडधाकट आहे, खातो, पितो, मादीजवळही जातो. पण बीज तयार होता होता अर्ध्यावरच थांबतं, म्हणून पिल्लं होत नाहीत. काही माणसांमध्ये हाच जीन बिघडलेला असतो. माणसाच्या शरीरात ते कुठं, कसं थांबतं ते उघडून बघता येत नाही. उंदरात बघता येतं. तिची सगळी पीएचडी त्यावरच होती.

राजाबाई नराकडं बघत नव्हत्या. त्या मादीकडं बघत होत्या.

"आन ही किती दिस ह्याच्यासंगं हाय?"

"बरेच महिने झाले."

"हिच्यात काय खोट न्हाय?"

"नाही. ती अगदी ठीक आहे."

"मंग हिनं काय पाप केलं म्हणून रिकामी कूस घिऊन बसायचं?"

"आत्या, तो प्रयोग आहे," योगिनी म्हणाली आणि पर्स उचलून कॉलेजला गेली.

पाळण्याचा विषय त्या घरात असाच कोणीतरी पर्स नाहीतर डबा उचलून संपवत असे. योगिनी-हनुमानच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या सरूबाई रोज कुंपणावरून विचारायच्या, "काय मग, गोड बातमी?" आणि राजाबाई सुनेच्या नावानं आणखी एक नेम धरायच्या. सोमवारचं मौन त्यातलंच होतं. डॉक्टरांनी दोघांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. योगिनीच्या तपासण्या केव्हाच झाल्या आणि सगळ्या चांगल्या आल्या. हनुमानची तपासणी ड्युटीमुळे राहत होती. हे राजाबाईंना ठाऊक नव्हतं, कारण ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

चतुर्थीला त्यांनी पिंजऱ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि दूर्वा आत सरकवल्या. उंदरांनी त्या देवापेक्षा लवकर संपवल्या. मादी मात्र कोपऱ्यात कागदाच्या कपट्यांचं घरटं करून बसली होती. पिल्लांशिवायचं घरटं. राजाबाईंना ते बघवेना. कळपातली मेंढी अशी रिकामी राहिली तर काय करायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं. शेजारच्या कळपातला मेंढा मागून आणायचा.

अशी ती सोयरीक ड्रममध्ये जुळली. ड्रम निळा, मोठा, आणि नळाला पाणी नसल्यामुळे आठवडाभर खडखडीत कोरडा होता. योगिनी कॉलेजला गेली, हनुमान बिडकीनला गेला, की राजाबाई मादीला आणि त्या सड्या नराला ड्रममध्ये सोडत. आत अंधार, गारवा आणि गवत. मादीला त्या 'लेक' म्हणू लागल्या होत्या, त्यामुळे नर आपोआपच 'जावई' झाला. दिवेलागणीआधी कानाच्या खाचा बघून ज्याला त्याला त्याच्या त्याच्या घरी पोचवलं जाई.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या पोथी वाचत असताना गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलं! पाणी आलं!"

छावणीत पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे प्रत्येक घरात नळ उघडाच ठेवलेला असे आणि पाइपाचं तोंड ड्रममध्ये सोडलेलं असे. राजाबाईंच्या घरातही तसंच होतं. पाइप आधी खोकला, मग गुरगुरला, आणि लेक-जावयाच्या अंगावर आठवड्याचं साठलेलं सगळं पाणी एकदम कोसळलं.

राजाबाई पोथी तशीच उघडी टाकून धावल्या. आतमध्ये दोघं गवतासकट गरगर फिरत होते. त्यांनी पाइप ओढून अंगणात फेकला, कंबरेतून वाकून ड्रममध्ये डोकं घातलं आणि दोघांना बाहेर काढलं. अंगणात पाण्याचा पाट वाहत होता.

कुंपणावरून सरूबाई किंचाळल्या, "अवो राजाबाई, पाणी वाया चाललंय की! डोस्कं फिरलं का तुमचं?"

"येते, येते," राजाबाई पदराखाली काहीतरी चोळत म्हणाल्या.

"पदरात काय धरलंय?"

"परसाद हाय."

जनावरं पुसून, उन्हाच्या तुकड्यात सुकवून पिंजऱ्यांत जाईपर्यंत नळ गेला होता. संध्याकाळी हनुमाननं ड्रममध्ये बघितलं.

"माय, अर्धाच कसा भरला?"

"पिरेशर नव्हतं," राजाबाई म्हणाल्या. त्या दिवशी प्रदोष होता. प्रदोषाच्या दिवशी खोटं बोलावं लागलं म्हणून त्यांनी रात्रीचा फराळ सोडला आणि सोयरीकही तिथंच थांबवली. पुढं टँकर आला, कूलर सुरू झाला आणि उंदीर आपल्या घरी गेले. राजाबाईंना दोन दिवस घर खायला उठलं. मग त्या ती गोष्ट विसरल्या.

लेक विसरली नव्हती.

तीनेक आठवड्यांनंतरच्या एका रविवारी योगिनी उंदरांना दाणा-पाणी करायला कॉलेजात गेली, ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. ओट्यावर बसली आणि चपलाही काढल्या नाहीत.

"काय झालं गं पोरी?"

"पिल्लं झाली, आत्या. त्या मादीला. सात-आठ गुलाबी पिल्लं."

राजाबाईंचे हात जोडले गेले ते जोडलेलेच राहिले. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते आनंदाचं नव्हतं.

"चांगलं झालं की मंग."

"चांगलं काय, आत्या? ज्या नराला पिल्लं होऊच शकत नाहीत असं मी चार वर्षं लिहितेय, त्याला पिल्लं झाली. उद्या समिती बसणार आहे. बाहेरचे परीक्षक येतायत. मी त्यांच्यासमोर काय सांगू? माझा पायाच चुकला."

तेवढ्यात हनुमान आतून चहाचा कप घेऊन आला. त्याला सगळं नीट ऐकू आलं होतं, आणि कितीतरी महिन्यांत झाला नव्हता एवढा त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"बघ! मी काय म्हणत होतो? ह्या तपासण्या-बिपासण्या समद्या खोट्या. उंदराचं यांना नीट सांगता येईना, आन माणसाला बोलवतेत बाटलीत द्यायला!"

"तुमचा आणि त्याचा काय संबंध?" योगिनीचा आवाज एकदम धारदार झाला. "माझ्या तपासण्या झाल्या. सगळ्या ठीक आल्या. आता फक्त तुमची राहिलीय. किती महिने झाले सांगतेय."

राजाबाईंनी जोडलेले हात सोडले. सगळ्या ठीक आल्या, हे त्या प्रथमच ऐकत होत्या.

"जाईन म्हणलं ना," हनुमान चहा फुंकत म्हणाला. "तुझा उंदीर खराच तसला असता तर मी आपल्या पायानं गेलो असतो. अजूनबी सांगतो, मायसमोर शब्द देतो. त्यो उंदीर तसला निघाला, ती पिल्लं त्याची न्हाईत असं ठरलं, तर दुसऱ्या दिवशी मी तपासणीला. पर आता त्याला पोरं झालीत. विषय संपला."

आणि तो डबा न उचलता, नुसताच उठून टीव्ही लावायला गेला.

राजाबाईंनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. एक वाक्य बोललं की सुनेची चार वर्षं वाचत होती; तेच वाक्य बोललं की मुलगा तपासणीच्या दारात उभा राहत होता. आणि तिथून तो काय घेऊन परत येईल, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. एकुलता एक मुलगा. कारभाऱ्यांच्या मिशा आणि कारभाऱ्यांचाच आवाज. भाकरी थापताना त्या तीनदा "योगिनी" म्हणाल्या आणि तिन्ही वेळा पुढं मीठच मागितलं.

सकाळी उजाडलं तेव्हा सोमवार होता. राजाबाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. आज बोलायचंच नव्हतं. मौनाचा असा उपयोग त्यांनी आजवर कधी केला नव्हता.

योगिनी कॉलेजला निघाली. पायात चपला सरकवताना म्हणाली, "आत्या, आज सगळं मागं घेते. काम बंद करते. मग घरीच बसेन. तुमच्या सोबतीला." आणि सासूच्या पाया पडली. असं ती एरवी फक्त दिवाळीला करायची.

दार लागलं. राजाबाई देवासमोर बसल्या, जपमाळ हातात घेतली, पण मणी पुढं सरकेना. देवाच्या चौरंगावर गणपती, गणपतीच्या पायाशी उंदीर. उंदीर त्यांच्याकडंच बघत होता.

त्या उठल्या आणि सेकंड शिफ्टला जायचं म्हणून अंथरुणात लोळत पडलेल्या हनुमानला गदागदा हलवलं.

"काय माय?"

राजाबाईंनी दोन बोटं डोक्याला लावून शिंगं दाखवली.

"बैल?"

मान नाही म्हणाली. शिंगं वळवून दाखवली.

"मेंढा? मेंढ्याचं काय?"

त्यांनी त्याला हाताला धरून अंगणात नेलं आणि ड्रम दाखवला.

"मेंढा… ड्रम… व्हय का, मटण करायचंय? आज सोमवार हाय, माय!"

राजाबाईंनी कपाळावर हात मारला. मग दोन हात तोंडापाशी नेऊन मिशा फुरफुरवल्या आणि पाठीमागं शेपटी काढून दाखवली. हनुमानचा चेहरा उजळला. "आत्ता कळलं!" त्यानं गाडी काढली, आईला मागं बसवलं आणि नेऊन गणपतीच्या देवळासमोर उभं केलं.

देवळापाशी येऊन दर्शन न घेता परतायचं, हे काही राजाबाईंकडून होणार नव्हतं. त्यांनी घाईघाईनं प्रदक्षिणा घातली, मग हनुमानला ओढत दगडी मूषकापर्यंत नेलं, त्याच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि तेच बोट कॉलेजच्या दिशेला दाखवलं.

"उंदीर… कॉलेज… योगिनीकडं?" हनुमान चपापला. "तिथं काय काम हाय?"

राजाबाई गाडीवर जाऊन बसल्या आणि त्यांनी हेल्मेट त्याच्या हातात दिलं.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं अडवलं. "अम्मा, किधर जाना है?"

राजाबाईंनी शिंगं दाखवली. वॉचमन दोन पावलं मागं सरकला.

"अम्मा बोलतीं नहीं क्या, भाई?"

"बोलती है. पर आज सोमवार है," हनुमान म्हणाला.

"तो मंगल को लाते ना मियाँ, इत्ती धूप में काय को…" तो म्हणत होता तोवर राजाबाई आत शिरल्या होत्या.

समितीची खोली शोधायला वेळ लागला नाही. सुनेचा आवाज त्यांना दारातूनच ओळखू आला. पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहून योगिनी म्हणत होती, "त्यामुळे माझा निष्कर्ष मला मागे घ्यावा लागेल, असं वाटतं." टेबलाभोवती चार-पाच जण होते. मध्यभागी मोनिका मॅडम, त्यांच्या शेजारी बाहेरगावहून आलेले परीक्षक बद्रीनाथ सर, पिकल्या केसांचे.

राजाबाईंनी दारातूनच दोन्ही हात हलवले. शिंगं, मिशा, शेपटी, ड्रम, सगळं एकापाठोपाठ करून दाखवलं.

"आत्या?" योगिनीच्या हातातला कागद खाली पडला.

"यांना ऊन लागलंय," मोनिका मॅडम उठल्या. "बसा मावशी. पाणी द्या कोणीतरी. पंखा वाढवा."

खिडकीतून दिसत होतं, ऊन माथ्यावर होतं. दिवेलागणीला अजून कितीतरी वेळ होता. तोवर समिती उठून गेली असती. आज बोललं की मौन मोडलं, आणि ते धरलं होतं योगिनीची कूस उजवावी म्हणून. राजाबाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागितली, आणि आलेलं पाणी न पिता बोलून टाकलं.

"ती पोरं ह्याची न्हाईत."

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना दाराकडं वळल्या.

"कुणाची नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"उजव्या कानाला दोन खाचा हायेत त्याची. पोरं त्या सड्याची हायेत, डाव्या कानवाल्याची. मीच लावली सोयरीक. पिंजऱ्यातनं पिंजऱ्यात न्हाय नेलं हां, योगिनीनं सांगितलं होतं. ड्रमात सोडत व्हते."

"कसल्या ड्रममध्ये?" बद्रीनाथ सर पुढं झुकले.

"पाण्याच्या. कोरडाच व्हता. मंग एक दिस पाणी आलं."

सरांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मोनिका मॅडमचे मात्र हलत नव्हते.

"मावशी, तुम्ही फार चुकीचं केलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "किती महिन्यांचं काम आहे, कल्पना आहे का? त्या मादीचा सगळा भाग आता बाद. आणि तुम्ही म्हणता म्हणून मी धरून चालणार नाही. पिल्लांची तपासणी होईल. त्यांच्यात बापाची खूण निघतेच. ती निघाली की ठरवू."

"करा, मॅडम. म्या कुठं न्हाय म्हणते?"

"घरी जनावरं द्यायची परवानगी मीच काढली होती. त्यामुळे अर्धी बोलणी माझ्या वाट्याची." मॅडम योगिनीकडं वळल्या. "बाकीच्या पिंजऱ्यांत कुठंही पिल्लं नाहीत ना? मग बस खाली. निष्कर्ष मागे घ्यायची घाई नको. अहवाल येईपर्यंत समिती थांबेल."

योगिनी खुर्चीवर बसली. हसावं की रडावं हे तिच्या चेहऱ्याला ठरवता येत नव्हतं.

बद्रीनाथ सरांनी रुमाल खिशात ठेवला. "पण मावशी, एवढे महिने पिल्लं झाली नव्हती, तर मादीतच काहीतरी असेल, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"न्हाय, सायब," राजाबाई चटकन म्हणाल्या. हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता. "आम्ही मेंढरावाले. मेंढी गाभण राहिना तर आधी मेंढा बदलून बघायचा. मेंढीला बोल लावत बसायचं न्हाय. उगी मुक्या जनावराला डाग लावायचा, तिला वांझ म्हणायचं, आन खोट निघायची…"

आपण काय बोललो ते त्यांना खोलीतल्या सगळ्यांबरोबरच ऐकू आलं. योगिनी पांढऱ्या पडद्याकडं बघत होती. आणि दारात, हेल्मेट छातीशी धरून, हनुमान उभा होता. तो कधीचा उभा होता कुणास ठाऊक.

राजाबाईंनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा पिऊन टाकला.

पिल्लांचा अहवाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत घरात सगळे सगळ्यांशी बोलत होते, फक्त विषय टँकरच्या पलीकडं जात नव्हता. मौन मोडल्याचं राजाबाईंनी पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून धरायचं.

"कशाला पुन्हा, आत्या?" योगिनी भाजी निवडता निवडता म्हणाली. "माझ्यासाठी एवढं…"

"तुझ्यासाठी कोण धरतंय?" राजाबाई म्हणाल्या. "तू तर ठीक हायस. आता ज्याच्या नावानं धरायला पाह्यजे त्याच्या नावानं धरीन." आणि मेथीच्या काड्या मोडत, "मला आधी सांगितलं असतंस तर, पोरी."

"सांगितलं असतं तर तुम्हाला त्रास झाला असता."

"झाला असता. मंग? त्रास व्हायला मी काय नवी हाय?" त्यांनी सुनेपुढचं ताट आपल्याकडं ओढलं. "ऊठ, तुझं लिहायचं राहिलं असंल. ह्ये मी निवडते."

अहवाल आला त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसले होते. योगिनीनं कोणाकडंही न बघता सांगितलं, "पिल्लं त्या नराची नाहीत. तो तसाच आहे, जसं मी लिहिलं होतं तसा. समितीनं काम पुढं चालू ठेवायला सांगितलंय."

"बरं झालं," राजाबाई म्हणाल्या.

हनुमान भाकरीचा पापुद्रा सोलत होता. बराच वेळ सोलून झाल्यावर म्हणाला, "डाळ वाढ जरा."

योगिनीनं डाळ वाढली.

"आन त्या उंदराचं काय करतेत आता?"

"काही नाही. राहतो तिथंच. खातो, पितो."

"त्याला कोण बोलत न्हाय ना काय?"

"कोण बोलणार? त्याची काय चूक आहे त्यात?"

हनुमाननं मान हलवली आणि डाळीत भाकरी कुस्करली.

सकाळी तो नेहमीपेक्षा आधी उठला. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग दोनदा पाडला. राजाबाईंनी डबा भरून आणला तर म्हणाला, "आज डबा नको, माय. अर्धा दिवस सुट्टी टाकलीय." त्यांनी डबा तसाच ओट्यावर ठेवला.

चपला घालताना तो दाराकडं तोंड करून म्हणाला, "त्ये तू म्हणत व्हतीस ते, कितव्या मजल्यावर हाय?"

"दुसऱ्या," योगिनी म्हणाली. "जिन्याच्या डाव्या हाताला. मी येऊ का?"

"नको. तुझं कॉलेज हाय." मग उंबरा ओलांडत, "जाऊन येतो."

गल्लीत सरूबाई सडा टाकत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय रे हनुमान, आज लवकर? कुठं निघालास?"

"काम हाय जरा, काकू," तो म्हणाला. गाडी त्यानं गल्लीत सुरू केली नाही. हेल्मेट हँडलला अडकवलं आणि गाडी हातानं ढकलत, सावकाश, वळणापर्यंत चालत गेला.